राखणीचे काम, पगाराची माणसे

तांत्रिक क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पगार किती, हा नातेवाइकांचा प्रश्न. कामाची मनापासून आवड आहे का, हा मुलाखत घेणाऱ्यांचा. हातातले काम नीट होते का, आणि दहा वर्षांनीही ते तसेच नीट होत राहील का, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शहरात त्यावाचून अडतही नाही, कारण एक माणूस चुकला तर दुसरा हाताशी असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, तोरणमाळच्या पठारावर आणि नर्मदेकडे उतरत जाणाऱ्या डोंगरांत, सगळे या तिसऱ्या प्रश्नावर येऊन ठेपते.

तोरणमाळ सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत घाट चढून वर आले की पर्यटकाला यशवंत तलाव दिसतो, सीताखाईची दरी दिसते, गोरक्षनाथाचे मंदिर दिसते. महाशिवरात्रीच्या यात्रेला डोंगरातल्या पाड्यापाड्यांतून माणसे पायी येतात. तंत्रज्ञाला याच भूभागात निराळे काही दिसते. भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती एका जागी दाटीने नसते. घर आपल्या शेताजवळ, टेकडीच्या उतारावर असते. एका गावाचे अनेक पाडे, आणि दोन पाड्यांच्या मध्ये नाला नाहीतर दरी. मैदानातल्या गावात जेवढ्या तारेत अख्खी आळी उजळते, तेवढी तार इथे दोन-चार घरांनाही पुरत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११च्या जनगणनेनुसार, शंभरातली सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तंत्रज्ञान इथे उशिरा आले. जिथे आले, तिथे ते टिकवणे हे आणण्याइतकेच कठीण ठरले.

याच तालुक्यातले बिलगाव हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. उदई नदीच्या काठचे हे गाव सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्राच्या कडेला येते. महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणाने बाधित झाली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली. ज्या धरणाच्या विजेसाठी ही गावे उठणार होती, ती वीज या गावांत पोहोचलेली नव्हती. नर्मदा बचाव आंदोलनाच्या काळात केरळमधील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अनिल आणि मधु हे तरुण अभियंते या खोऱ्यात आले. त्यांनी आधी डोमखेडीला एक छोटा जलविद्युत संच उभारला. पुढे बिलगावच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा प्रकल्प झाला आणि जानेवारी २००३मध्ये तो सुरू झाला. बांधकामाला गावाने श्रमदान केले. ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ म्हणजे ‘एड’ या संस्थेने साहाय्य केले.

पंधरा किलोवॅट म्हणजे शहरातल्या दहा वातानुकूलन यंत्रांना लागते तेवढी वीज. डोंगरातल्या गावासाठी ती पुष्कळ होते, कारण तिथे गरज दिव्यांची असते. अशा प्रकल्पाचे गणित शाळेतल्या मुलालाही समजते. सेकंदाला एक लिटर पाणी दहा मीटर खाली पडले तर त्यात जवळपास शंभर वॅट शक्ती असते. नळी, टर्बाइन आणि जनित्र यांतली गळती धरून निम्मी हाती लागते असे मानले, तर १५ किलोवॅटसाठी दहा मीटरच्या धारेतून सेकंदाला सुमारे ३०० लिटर पाणी हवे. पावसाळ्यात सातपुड्यात एवढे पाणी सहज असते. उन्हाळ्यात त्याची चणचण भासते.

गणित इथे संपते आणि रोजचे काम सुरू होते. पाणी आत घेण्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. तिच्यात सागाची पाने आणि काटक्या अडकतात, त्या काढल्या नाहीत तर टर्बाइनचे पाणी तुटते. बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस लागते. रात्री माणसे झोपली आणि दिवे मालवले की जनित्रावरचा भार एकदम उतरतो, त्याची गती वाढते, व्होल्टेज चढते आणि उरलेले बल्ब उडतात. म्हणून नको असलेली वीज तापणाऱ्या तारांत जिरवून गती ५० हर्ट्झच्या आसपास धरून ठेवणारा नियंत्रक बसवावा लागतो. तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस जवळपास हवा. अभियंता गावात कायम राहत नाही, त्यामुळे अशा प्रकल्पात गावातल्याच तरुणांच्या हाती यंत्र सोपवावे लागते. त्यांनी रोज यायचे, जाळी साफ करायची, मीटर बघायचे, वीजपट्टी गोळा करायची, सुट्या भागांसाठी पैसे बाजूला ठेवायचे. या कामाचा फोटो काढण्यासारखा क्षण कोणता, ते सांगता येत नाही.

बिलगावचा प्रकल्प तीन-साडेतीन वर्षे चालला. २००६मध्ये सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरपर्यंत वाढवण्याची परवानगी मिळाली आणि त्या पावसाळ्याच्या पुरात तो पाण्याखाली गेला. हे देखभालीचे अपयश नव्हते. गावाने यंत्र सांभाळले होते. ते बुडवण्याचा निर्णय दुसरीकडे झाला होता, आणि ही गोष्ट स्पष्ट नोंदवली पाहिजे.

प्रकल्प बुडण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, डिसेंबर २००४मध्ये, आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ प्रदर्शित झाला होता. नासातला एक प्रकल्प व्यवस्थापक भारतात येतो, गावकऱ्यांबरोबर छोटा जलविद्युत प्रकल्प उभारतो आणि शेवटी नोकरी सोडून परततो, ही त्याची कथा. चित्रपटातल्या चरणपूरचे चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले. ‘एड’ची स्थापना करणारे रवी कुचिमंची आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री यांच्या कामाचा या कथेशी संबंध जोडला जातो. अमेरिकेतून परतून नर्मदेच्या खोऱ्यात काम करणाऱ्या या जोडप्याने वीज नसलेल्या शाळांसाठी पायडल मारून चालणाऱ्या जनित्राचाही पाठपुरावा केला होता. पडद्यावर बल्ब पेटतो तो प्रसंग पाहून अनेक मराठी तरुण अभियंत्यांच्या मनात परतण्याचा, काहीतरी करण्याचा विचार आला, आणि ही या चित्रपटाची मोठी कमाई आहे. परंतु चित्रपटाला बल्ब पेटण्यापर्यंत जाऊन थांबता येते, गावाला येत नाही. नायकाने सोडलेली नोकरी सर्वांच्या लक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीतला पाला कोणी काढला, याची कथा अजून कोणी लिहिलेली नाही.

‘एड’ ही संस्था १९९१मध्ये मेरीलँड विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीयांमधून सुरू झाली, आणि तिच्या रचनेत आवड-पगाराच्या वादाचे एक साधे उत्तर दडलेले आहे. तिचे बहुसंख्य स्वयंसेवक शिकणारे किंवा नोकरी करणारे आहेत. ते नोकरी सोडत नाहीत. कार्यालयातले काम करून शनिवार-रविवारी भेटतात, प्रकल्पांचे अर्ज वाचतात, पगारातला वाटा देतात. बिलगावच्या दिव्यांत खोऱ्यात येऊन राहिलेल्या अभियंत्यांचे कष्ट होते, गावकऱ्यांचे श्रम होते आणि हजारो मैलांवर नेमाने नोकरी करणाऱ्यांचा पगारही होता. यांपैकी एकाला ध्येयवादी आणि दुसऱ्याला पोटार्थी म्हणणे अन्यायाचे आहे.

तालुक्यातल्या सरकारी विजेचा भार वाहणारा माणूस तर पूर्णपणे पगाराचा आहे. जून २००५मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले. तिथे आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन आलेला मुलगा आधी विद्युत सहायक म्हणून लागतो, तीन वर्षे मानधनावर काढतो आणि मग तंत्रज्ञ होतो. लोक त्याला वायरमन म्हणतात. बाह्यस्रोत कंपनीमार्फत आलेल्या माणसाला ही पायरीही नसते, पण खांबावर तोही चढतो.

११ केव्हीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, ट्रिप झाला की उपकेंद्रातला ऑपरेटर तो एकदा पुन्हा सुरू करून पाहतो. टिकला नाही तर फॉल्ट शोधायला निघावे लागते. एबी स्विच उघडून लाइनचे तुकडे पाडायचे, अलीकडचा तुकडा सुरू करून पाहायचा, मग पुढचा. ज्या तुकड्यात फीडर पुन्हा पडतो त्याचे खांब एकेक करून बघत चालायचे. फांदी पडलेली असली तर नशीब, ती दिसते. पिन इन्सुलेटरला गेलेला केसाएवढा तडा दिसत नाही. कोरड्या हवेत तो निमूट असतो, भिजला की त्यातून प्रवाह खांबावाटे जमिनीत उतरतो. ऊन पडले की लाइन आपोआप टिकते आणि रात्री पाऊस आला की पुन्हा जाते. मैदानात हे खांब रस्त्याच्या कडेने असतात, मोटारसायकलवरून बघता येतात. डोंगरात लाइन दरी ओलांडून सरळ जाते आणि माणसाला वळसा घालून उतरावे-चढावे लागते.

खांबावर चढण्याआधीचा क्रम ठरलेला असतो. उपकेंद्रातून परमिट घ्यायचे. ज्याने घेतले त्यानेच ते परत करायचे, म्हणजे कोणी खांबावर असताना दुसरा माणूस चुकून लाइन सुरू करणार नाही. लाइन बंद झाली तरी डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीला जोडायच्या, कारण एखाद्या घरातले जनित्र किंवा इन्व्हर्टर उलट दिशेने वीज सोडू शकते. हातमोजे, झुला, शिरस्त्राण. अंधारात, पावसात, खाली उभे राहिलेले लोक घाई करत असताना हा क्रम एकाही पायरीला न चुकता पाळायचा. अपघातांच्या मुळाशी बहुधा यातली एखादी गाळलेली पायरी असते. या कामात उत्साहाला दुय्यम स्थान आहे, किंबहुना उत्साहाच्या भरात परमिट न घेता चढणारा माणूस धोकादायक ठरतो. कामाची आवड असो वा नसो, क्रम पाळणारा तंत्रज्ञ संध्याकाळी घरी जातो आणि वस्तीत दिवेही लागतात. ४ मार्च हा दिवस आता देशात लाइनमन दिन म्हणून पाळला जातो. तो चांगलाच आहे. पुरेसे मनुष्यबळ, वेळेवर मिळणारे साहित्य आणि कायम नेमणूक यांची जागा मात्र सत्काराने भरून निघत नाही.

विजेबाहेरही हेच दिसते. तोरणमाळच्या पायथ्याकडच्या शहादा तालुक्यात टेंभली गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक या गावात दिले गेले. त्या प्रकल्पाची एक बाजू सर्वश्रुत आहे. नंदन निलेकणी यांनी २००९मध्ये इन्फोसिस सोडून आधारचे काम पाहणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद घेतले. श्रीकांत नाधमुनी यांच्यासारखे, सिलिकॉन व्हॅलीचा अनुभव घेऊन भारतात परतलेले तंत्रज्ञ त्यात आले. खासगी कंपन्यांतून दीर्घ रजा घेऊन आलेल्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी तिथे मुद्दाम सोय केली होती. मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून सार्वजनिक कामाला लागलेल्या या मंडळींवर लेख आले, पुस्तके आली, आणि ती योग्यच आहेत.

दुसरी बाजू नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरची. परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळवलेला हा तरुण लॅपटॉप, दहा बोटांचे ठसे घेणारा स्कॅनर, बुबुळांचा कॅमेरा, प्रिंटर अशी जड पेटी घेऊन गावोगाव बसला. सरकारकडून पैसे यशस्वी नोंदणीमागे मिळत, म्हणजे नाकारल्या गेलेल्या नोंदणीची मेहनत वाया. आयुष्यभर शेतात राबलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसा उमटत नाही. हात धुवायला लावायचा, पुसायचा, बोट जरा दाबायचे, पुन्हा घ्यायचा. म्हाताऱ्या माणसाला जन्मतारीख ठाऊक नसते. नाव मराठीत एक आणि इंग्रजीत भलतेच उमटते. त्या एका अक्षराच्या चुकीपायी पुढे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती अडते. म्हणून पडदा नोंदणीला आलेल्या माणसाकडे वळवून नाव वाचून दाखवणारा ऑपरेटर आणि न दाखवणारा ऑपरेटर, यांच्यात त्या कुटुंबाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मोबदला दोघांचा सारखाच. तंत्रज्ञानाच्या प्रामाणिकपणाची कसोटी बंगळूरमध्ये आखलेल्या आधारच्या आराखड्याइतकीच या पडदा वळवण्यात लागते.

कामाची आवड आणि पगार या विषयावर जगात गेली काही दशके अभ्यास चालू आहेत. अमेरिकेतल्या एमी व्झेस्निव्हस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये मांडले की माणसे आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी पाहतात: पोटापाण्याची नोकरी, चढत जाण्याची कारकीर्द किंवा अंतरीची हाक. या तिन्ही तऱ्हा एकाच पदावरच्या लोकांत आढळल्या, म्हणजे कामाचा प्रकार आणि त्याकडे पाहण्याची दृष्टी या वेगळ्या गोष्टी ठरल्या. जे किम, ट्रॉय कॅम्पबेल, स्टीव्हन शेफर्ड आणि एरन के यांचा २०१९चा अभ्यास जास्त अस्वस्थ करतो. एखाद्याला कामाची फार आवड आहे असे कळले की त्याच्याकडून बिनपगारी जादा काम, सुटीतले काम करवून घेणे लोकांना अधिक न्याय्य वाटू लागते, असे त्यांना दिसले. समाजशास्त्रज्ञ एरिन सेक यांनी २०२१च्या पुस्तकात दाखवले की आवडीमागे धावणे श्रीमंत घरच्या मुलांना जितके पचते तितके इतरांना पचत नाही. पडल्यावर झेलणारे कोणी असावे लागते.

शहाद्यात हे आकड्यांविना समजते. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिक्षण मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३मध्ये इथे सुरू झाले. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना महाराष्ट्रात नुकती परवानगी मिळाली होती, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अभियंता होण्याची सोय झाली. तिथून किंवा नाशिक-जळगावातून शिकलेली मुले पुण्याच्या हिंजवडीला जातात. मोठ्या आयटी कंपन्यांतला नवख्याचा पगार दहा-बारा वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. पुण्यात खोली, खानावळ भागवून त्यातले किती उरणार? तरीही डोंगरातल्या ज्या घरातून दरवर्षी गुजरातेत मजुरीला जावे लागत असे, तिथे ठरल्या तारखेला जमा होणारी रक्कम सगळे बदलून टाकते. धाकट्या बहिणीचे शिक्षण सुटत नाही, आजारपणात बैल विकावा लागत नाही. असा मुलगा सपोर्टच्या शिफ्टमध्ये रात्री तीनला परदेशी बँकेचा सर्व्हर पुन्हा चालू करत असेल आणि त्याला त्या बँकेबद्दल काडीचे प्रेम नसेल, तरी त्याच्या कामाला खोट येत नाही. तो तक्रारीचे तिकीट नीट वाचतो, बदल करण्याआधी बॅकअप घेतो, काय केले ते पुढच्या पाळीसाठी लिहून ठेवतो. व्यवसायनिष्ठा म्हणतात ती हीच, आणि तिची किंमत पगारात मोजली जावी ही अपेक्षा हलकी नाही.

निव्वळ आवडीवर सोपवलेल्या राखणीचे काय होते, हे २०२४मध्ये सगळ्या संगणकविश्वाने पाहिले. ‘एक्सझेड यूटिल्स’ हा फायली आकसवणारा छोटा मुक्तस्रोत प्रोग्रॅम जगातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरवर असतो. फिनलंडचे लासे कॉलिन तो वर्षानुवर्षे एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. थकव्याबद्दल त्यांनी उघडपणे लिहिलेही होते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस होऊन विश्वास मिळवला आणि प्रोग्रॅममध्ये चोरवाट बसवली. ती उघडकीस आणली मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांनी, २९ मार्च २०२४ रोजी. वेगाची मोजणी करताना सर्व्हरमध्ये शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी ते सोडून दिले नाही. एकीकडे आवडीने वाहिलेला आणि एकटा पडलेला माणूस, दुसरीकडे पगारावरचा, मोजमापाची सवय असलेला माणूस. कॉलिन यांच्या निष्ठेत काही उणे नव्हते. त्यांच्या पाठीशी कोणी पगारी माणूस नव्हता, इतकेच.

राखणीला मोबदला देऊन माणूस नेमण्याची व्यवस्था खानदेशाला अनोळखी नाही. जुन्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शतकानुशतके चालत आलेली फड सिंचनपद्धती केवळ बंधाऱ्यांच्या बळावर टिकलेली नाही. पाटाचे पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, त्यांच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार, अशी माणसे फडातले शेतकरी नेमत आणि त्यांचा मोबदलाही शेतकरीच देत. पाणी पाटाच्या टोकापर्यंत पोहोचले का, हे पाहणे कोणाच्या भल्या मनावर सोडलेले नव्हते. १८८४मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी याच पांझरेच्या परिसरात, दातर्तीला, नदीखालून पाणी नेणारा नळीचा सायफन बांधला. तेही तेव्हा पगारी सहायक अभियंताच होते.

तोरणमाळच्या परिसरात आता नवी यंत्रे येत आहेत. पाड्यांवर सौर दिवे आणि सौर पंप आहेत. नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठी स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, धाराशिव आणि वाशीमसोबत नंदुरबारचे नाव आहे. उपग्रहाच्या तबकडीला टॉवर लागत नाही, पण आकाश मोकळे दिसावे लागते, वीज अखंड लागते, वादळात हललेला खांब पुन्हा घट्ट करावा लागतो. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. त्याला जोडलेली शिसे-आम्लाची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, आणि मध्ये पाणी घातले नाही तर त्याच्याही आधी. पुष्कळदा योजनेच्या निधीत बसवण्याचा खर्च धरलेला असतो, नंतरच्या माणसाचा नसतो. पावरी आणि भिलोरी बोलणारे, पायवाटा माहीत असलेले, आयटीआय झालेले तरुण याच तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी पाच-सहा पाड्यांमागे एक कायम पद, तालुक्याच्या ठिकाणी, धडगावात, सुट्या भागांचे कोठार, मीटर आणि सुरक्षा साधने, आणि महिन्याच्या महिन्याला खात्यावर येणारा पगार, एवढे अंदाजपत्रकात धरले तर बॅटरीत पाणी घालायला, तबकडी वळवायला आणि भर पावसात फॉल्ट शोधायला माणूस मिळतो.